हातमोजे कोणते घ्यावेत हे ठरवण्यापूर्वी: बागकामात हात कशाने बिघडतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात गच्चीवर चाळीसेक कुंड्यांची बाग तुम्ही दोन वर्षे सांभाळत आहात. बोटांच्या टोकांना भेगा पडल्या आहेत आणि हातांच्या पाठीवर काळपट डाग उमटले आहेत. पाच आठवड्यांपूर्वी मधल्या बोटाच्या सांध्याजवळ गुलाबाचा काटा घुसला होता. ते बोट बरे झाल्यासारखे वाटले आणि आता पुन्हा सुजले आहे. हातमोज्यांचे दोन प्रकार तुम्ही आणून पाहिले. रंगीत ठिपक्यांचे सुती मोजे ओले होऊन जड झाले, जाड रबरी मोज्यांत घाम साचला आणि नाजूक रोपे हाताळता येईनात. कामानंतर तुम्ही भांड्यांच्या साबणाने हात धुता आणि नखांतली माती निघावी म्हणून लिंबाची फोड चोळता, हेही तुम्ही लिहिले आहे. एवढे सांगून तुम्ही विचारले आहे की नेमके कोणते हातमोजे घ्यावेत.

मी दापोली तालुक्यात गेली सत्तावीस वर्षे रोपवाटिका चालवते. आंबा, काजू, कोकम आणि शोभेची झाडे आम्ही करतो. हंगामात आठ-दहा बायका माझ्याबरोबर पिशव्या भरण्याचे आणि कलमे बांधण्याचे काम करतात, त्यामुळे माझ्या हातांखेरीज त्यांच्या हातांचीही काळजी मला वाहावी लागते. मी डॉक्टर नाही. जे वैद्यकीय आहे ते डॉक्टरांनीच पाहिले पाहिजे, आणि कोणती गोष्ट त्यांच्याकडे न्यायची हे मी खाली स्पष्ट लिहिणार आहे. बाकीचे रोजच्या कामातून कळलेले आहे.

तुमचे पत्र वाचल्यावर मला असे वाटते की तुमच्या तीन तक्रारींची तीन वेगवेगळी कारणे आहेत आणि हातमोजा त्यांपैकी एकाच कारणावर, तोही अर्धाच, उपाय आहे. भेगा पाण्याने आणि साबणाने पडल्या आहेत, डाग बहुधा लिंबाने पडले आहेत, आणि बोट काट्याने सुजले आहे. म्हणून मोज्यांचा विचार मी नंतर करते.

सर्वांत आधी ते बोट. काटा काढल्यावर जखम दोन-चार दिवसांत भरून येते आणि विषय तिथेच संपतो, पण पाच आठवड्यांनी सांध्याजवळची सूज परत येणे हे साधे लक्षण नाही. काट्याचे टोक आत मोडून राहिलेले असू शकते, आणि सांध्याच्या आवरणात अडकलेला वनस्पतीचा कण तिथे दीर्घकाळ दाह धरून ठेवतो. हे मी स्वतः भोगले आहे. शिंदीच्या पानाचा काटा माझ्या तर्जनीच्या सांध्यात गेला होता. एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही, आणि मी निश्चिंत झाले. पुढे चार महिने ते बोट सकाळी वळत नसे. अखेर सोनोग्राफीत तो तुकडा दिसला आणि छोटी शस्त्रक्रिया करून काढावा लागला. लाकूड आणि काटे एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत, सोनोग्राफीत बरेचदा दिसतात. ही एक गोष्ट मला आधी ठाऊक असती तर ते चार महिने वाचले असते. म्हणून तुम्ही हाडांच्या किंवा हाताच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे जा, काटा कधी आणि कशाचा लागला ते नीट सांगा आणि सोनोग्राफीबद्दल विचारा.

गुलाबाच्या काट्यातून आणखी एक आजार होऊ शकतो. त्याचे नाव स्पोरोट्रायकोसिस. माती, वाळलेले गवत, शेवाळ यांत राहणारी एक बुरशी काट्याबरोबर त्वचेत शिरते, काही आठवड्यांनी तिथे न दुखणारी गाठ येते आणि मग हातावरून वर चढत जाणारी गाठींची रांग दिसू लागते. आपल्या देशात हा आजार मुख्यतः हिमालयाच्या पायथ्याच्या भागांत आढळतो, कोकणात तो क्वचितच ऐकू येतो. तरीही लक्षण लक्षात ठेवावे, कारण साध्या प्रतिजैविकाने तो बरा होत नाही, त्याला बुरशीवरचेच औषध लागते. याउलट बोट ठणकत असेल, सरळ करताना कळ येत असेल, हातावर लाल रेघ वर चढत असेल किंवा ताप आला असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. आणि धनुर्वाताची लस. या रोगाचे जंतू मातीत आणि शेणखतात सुप्तावस्थेत वर्षानुवर्षे टिकतात, त्यामुळे माती हाताळणाऱ्या माणसाने दर दहा वर्षांनी लसीची मात्रा घेतलेली असावी, आणि जखम मातीने भरलेली असेल व शेवटची मात्रा घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर डॉक्टर पुन्हा देतात. आमच्याकडे कामावर येणाऱ्या प्रत्येकीची लसीची तारीख मी वहीत लिहून ठेवते.

आता डागांविषयी. लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत असे काही पदार्थ असतात की ते त्वचेवर राहिले आणि त्यावर ऊन पडले तर त्वचा भाजल्यासारखी होते. एक-दोन दिवसांनी लाली येते, कधी फोड येतात, आणि ते ओसरल्यावर काळपट डाग उरतात. हे डाग कित्येक आठवडे, कधी कधी महिनेही राहतात. लाली सौम्य असेल तर ती लक्षातही येत नाही, डागच तेवढे दिसतात, आणि मग माणूस ते जावेत म्हणून आणखी लिंबू चोळतो. तुम्ही सकाळी बागकाम करता, लिंबू चोळता आणि मग गच्चीवरच कपडे वाळत घालता असे लिहिले आहे. तो क्रम या कारणाशी तंतोतंत जुळतो. अंजिराच्या चिकानेही असेच होते, म्हणून अंजिराची छाटणी संध्याकाळी करावी आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत. लिंबू आजपासून बंद करा. दोन-तीन महिन्यांत डाग फिके झाले नाहीत तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, कारण मी डाग प्रत्यक्ष पाहिलेले नाहीत.

भेगांचा भाग मोठा आहे आणि सर्वाधिक लोकांचे हात त्यानेच बिघडतात, म्हणून तो जरा सविस्तर लिहिते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा) साधारण 5 च्या आसपास असतो. अंगाच्या नेहमीच्या साबणवडीचा सामू 9 ते 10 असतो, आणि भांड्यांचा साबण तर तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो. तो कढईचे तूप आणि हाताचे नैसर्गिक स्निग्ध यांत फरक करत नाही. त्यात माती स्वतः ओलावा शोषून घेते. कोरडे कोकोपीट हातांत कुस्करले की दहा मिनिटांत बोटे कशी खरखरीत होतात हे तुम्ही अनुभवले असेल. आमच्याकडची जांभ्याची माती तर त्वचा घासूनच काढते. अशा हातांना दिवसातून सात-आठ वेळा पाणी, पुन्हा वाळणे, पुन्हा पाणी असे चालले की वरचा थर ताठर होतो आणि जिथे बोट वाकते किंवा दाबले जाते तिथे फाटतो. त्या फटीतून मग मातीतले जंतू आत जातात. भेगाळलेला हात हा काट्याने टोचलेल्या हाताइतकाच उघडा असतो, फक्त ते पटकन दिसत नाही.

यावर माझ्या कामाची रीत अशी आहे. काम सुरू करण्यापूर्वी नखे बोटांच्या टोकाबरोबर कापलेली असावीत, आणि साबणाच्या ओल्या वडीवर पाचही नखे ओरबाडून घ्यावीत, म्हणजे नखांखाली साबण भरतो आणि माती आत जायला जागा राहत नाही. शेवटी हात धुताना तो साबण निघून येतो आणि टोकदार वस्तूने नखे कोरावी लागत नाहीत. नखे कोरल्याने नखाखालची आणि कडेची त्वचा सुटते, आणि सतत ओल्या राहणाऱ्या हातांत तिथेच नखुरडे होते. मोजा घालणार नसेन तेव्हा हातांच्या पाठीला आणि नखांच्या कडांना खोबरेल तेलाचा पातळ हात फिरवते. इथे एक इशारा आवश्यक आहे: तेल आणि व्हॅसलिन यांनी नैसर्गिक रबर सैल पडते आणि लवकर फाटते, त्यामुळे रबरी मोजा घालायचा असेल तेव्हा आत तेल लावू नये. नायट्राइल या कृत्रिम रबराच्या मोज्यांना तेलाचा असा त्रास होत नाही.

हात पुन्हा पुन्हा धुण्याऐवजी कामांचा क्रम लावावा. कोरडी कामे आधी, ओली कामे नंतर, आणि धुणे एकदाच. मध्ये फोन आला किंवा पाणी प्यायचे झाले तर आम्ही हात जुन्या सुती कापडाने झटकून पुसतो. (औषध फवारणीच्या दिवशी ही सवलत नाही, त्या दिवशी खाण्यापिण्यापूर्वी हात धुतलेच पाहिजेत.) धुताना पाणी कोमट किंवा साधे असावे, साबण सौम्य, आणि माती फार चिकटली असेल तर साबणाआधी थोडे तेल चोळून मग धुवावे, चीक आणि माती दोन्ही त्याने सुटतात. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायला विसरू नये. पावसाळ्यात भातलावणीच्या दिवसांत पायांना चिखल्या होतात हे सर्वांना माहीत आहे, पण दिवसभर ओली माती भरणाऱ्यांच्या हातांच्या बेचक्यांतही तशीच त्वचा पांढरी पडून सोलवटते.

आणि हात पुसल्यानंतर, त्वचा किंचित ओलसर असतानाच स्निग्ध लावायचे. कोकणात यासाठी कोकमाचे तेल वापरतात, त्यालाच मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात, वर येणारा मेद काढून घेतात आणि थंड होताना मुठीत दाबून त्याचे लांबट, पांढुरके गोळे वळतात. हे तेल घट्टच राहते. माझी सासू रात्री जेवणे झाल्यावर गोळ्याचा एक कपचा लोखंडी पळीत घेऊन दिव्याच्या ज्योतीवर धरीत असे. कडेने तो पारदर्शक होत वितळू लागला की बोटाच्या टोकाने एकेका भेगेत भरीत असे, आणि तो भेगेतच पुन्हा गोठे. मुद्दा हाच आहे. खोबरेल पसरते आणि निघून जाते, कोकमाचे तेल भेगेत बसून राहते. ते सोसवेल इतकेच कोमट असावे, गरम नव्हे. कोकमाचे तेल मिळाले नाही तर साधे व्हॅसलिन लावून रात्रभर जुने सुती पायमोजे हातांत घालून झोपले तरी चालते. दुकानात मिळणारी युरियायुक्त मलमे जाड, राठ झालेल्या त्वचेला चांगली, पण उघड्या भेगेला ती झोंबतात. म्हणून आधी भेग भरू द्यावी आणि मग ती वापरावीत. दहा-बारा रात्री नेमाने केले तर फरक दिसायला हवा. फरक दिसला नाही, किंवा खाज, पाणी सुटणे, बारीक पुटकुळ्या असे काही असेल तर तो साधा कोरडेपणा नसून इसब किंवा बुरशी असण्याची शक्यता असते.

इथे परिस्थितीनुसार काय बदलते तेही सांगायला हवे. ठाण्याची हवा दमट आहे, त्यामुळे तुमच्या भेगांत साबणाचा वाटा मोठा असणार. पुण्यात किंवा विदर्भात हिवाळ्यात कोरडी हवाच निम्मे काम करते आणि तिथे दिवसातून तीनदा स्निग्ध लावावे लागते. मधुमेह असेल तर सगळेच अधिक गंभीरपणे घ्यावे, कारण बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते, मग टोचलेले कळत नाही, आणि जखम सावकाश भरते. तुम्ही वय लिहिले नाही आणि साखरेबद्दलही काही लिहिले नाही. मधुमेह असेल तर भेगा भरेपर्यंत मातीत उघड्या हाताने काम करू नये.

चिकाबद्दल बहुतेक लेखांत काही लिहिलेले नसते, म्हणून इथे लिहिते. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे आहेत आणि तिघांच्याही चिकात किंवा तेलात त्वचा भाजणारे, सारख्या जातीचे पदार्थ आहेत. ओल्या काजूचे गर काढणाऱ्या बायका हातांना तेल किंवा राख चोळल्याशिवाय बीला हात लावत नाहीत. ज्या चुकतात त्यांच्या बोटांची साले आठवडाभर निघत राहतात. आंब्याचे फळ देठाशी तुटले की चिकाची चिळकांडी उडते, आणि ती फळावर पडली तर फळ डागाळते, गालावर पडली तर गाल. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे आंबे उतरवण्याचे काठीचे साधन, फळ देठासकट कापतो. त्यात फळ वाचते तसा माणूसही वाचतो. तुमच्या पिंपात आंब्याचे कलम असेल तर कोवळी फांदी कापताना तोंड बाजूला ठेवा आणि लागलेला चीक वाळण्याआधी तेलाने पुसून मग साबणाने धुवा.

गच्चीवरच्या शोभेच्या झाडांत युफोर्बिया, म्हणजे लाल-गुलाबी फुलांचे काटेरी झुडूप, पॉइन्सेटिया आणि अडेनियम यांचा पांढरा चीक हाताला फारसा जाणवत नाही; तोच हात डोळ्याला लागला की मात्र असह्य आग होते. शेराचा आणि रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास नजरेला इजा होऊ शकते, तेव्हा अशा वेळी पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे. डिफेनबेकिया, अळू आणि सुरण यांच्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी खाज सुटते. घरोघरी सुरण चिरताना हाताला तेल लावतात ते त्यासाठीच. निवडुंगाचे केसासारखे काटे, खाजकुइलीची लव किंवा सुरवंटाचे केस हाताला लागले तर चोळू नये आणि लगेच पाण्याखालीही धरू नये. चिकटपट्टी हलके दाबून एका दिशेने उचलावी, दर वेळी नवी पट्टी घ्यावी, उरलेले चिमट्याने काढावेत आणि मग धुवावे.

गाजरगवताचा स्वतंत्र उल्लेख करते. 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे गवत बाहेरून आणलेल्या मातीबरोबर गच्चीवरच्या कुंडीतही उगवते. त्याची ॲलर्जी हातापुरती राहत नाही. हवेतून उडणाऱ्या कणांमुळे पापण्या, मान आणि कोपराची घडी इथे पुरळ उठते आणि ती पुढे वर्षानुवर्षे छळते. एकदा ही ॲलर्जी झालेल्या माणसाला त्याच कुळातल्या शेवंतीचाही त्रास होऊ शकतो. फुलावर येण्याआधी, माती ओली असताना, मोजा घालून ते मुळासकट उपटावे.

आता हातमोजे. माझा अनुभव असा की सर्व कामांना चालेल असा मोजा नसतो, आणि जो तसा म्हणून विकला जातो तो कोणत्याच कामाला नीट चालत नाही. तुमचे ठिपक्यांचे सुती मोजे कोरड्या कामासाठी, म्हणजे कुंड्या उचलणे, वाळक्या फांद्या गोळा करणे यांसाठी ठीक आहेत. ओल्या मातीत ते पाणी धरून ठेवतात आणि तोच चिखल तासभर त्वचेला चिकटून राहतो. तुमच्या भेगा त्याने वाढल्याच असणार. रोजच्या कामाला मी विणलेल्या नायलॉनचे, पाठ कापडी आणि तळहाताला व बोटांना नायट्राइलचा पातळ थर असलेले मोजे वापरते. हार्डवेअरच्या दुकानात ते सहज मिळतात. पाठीकडून हवा खेळते, बोटांना रोप जाणवते आणि माती आत शिरत नाही. माप मात्र नीट घ्यावे. अंगठा सोडून तळहाताच्या सर्वांत रुंद भागाभोवती टेप फिरवा. साधारण 18 सेंटिमीटर भरले तर 7 नंबर, 20 भरले तर 8 नंबर, 23 भरले तर 9 नंबर. बाजारात बहुतेक 9 आणि 10 नंबरचेच मोजे ठेवलेले असतात आणि बायका त्यातच हात घालून मोजे गैरसोयीचे असतात म्हणून सोडून देतात. बोटांच्या टोकाला अर्धा सेंटिमीटर जरी रिकामे राहिले तरी रोप पकडता येत नाही.

हे मोजे काटे अडवत नाहीत, हे लक्षात असू द्या. पाकिटावर टोचण्यापासून संरक्षणाचा आकडा छापलेला असतो, पण ती चाचणी जाड सळीने केलेली असते, गुलाबाच्या काट्याने नाही. गुलाब, बोगनवेल, लिंबू यांच्या छाटणीला मनगटाच्या वर कोपराकडे जाणारे चामडी मोजे लागतात, आणि तरीही फांदी मोजा घातलेल्या हातानेसुद्धा आवळून धरायची नाही. आम्ही डाव्या हातात लांब चिमटा किंवा लाकडी काठीचा आकडा घेतो, फांदी त्याने बाजूला करतो, उजव्या हाताने सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चालवतो आणि कापलेली फांदी थेट घमेल्यात पाडतो. बहुतेक काटे छाटताना लागत नाहीत, ते कापलेला कचरा मुठीने दाबून पिशवीत भरताना लागतात. तुमचा काटाही तसाच लागला असेल अशी मला दाट शंका आहे. चामडी मोजे ओले करू नयेत, ते वाळल्यावर लाकडासारखे होतात.

रोपे उचलणे, बी पेरणे, कलम बांधणे ही कामे मी उघड्या हातानेच करते आणि तुम्हीही करावीत. मुळाला किती दाब पडतो हे बोटालाच कळते. आमच्याकडे कलमे बांधणाऱ्या बायका फक्त डाव्या अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा बोटभर तुकडा चढवतात, कारण चाकू सुटला तर तो तिथेच येतो. बाकी हात मोकळा. भेगा असतील त्या दिवसांत त्या बोटाला कागदी चिकटपट्टी गुंडाळली तरी पुरते.

औषधांसाठी नियम वेगळा आणि कडक आहे. कापडाचा कोणताही भाग असलेला मोजा फवारणीला वापरायचा नाही, कारण कापड औषध शोषून घेते आणि त्वचेवर पट्टीसारखे धरून ठेवते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. अनेकांच्या अंगावर संरक्षणाचे काहीच नव्हते. गच्चीवरचे प्रमाण लहान असले तरी विष तेच असते. डब्यावरच्या चौकोनातल्या त्रिकोणाचा रंग पाहा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. घरच्या बागेत लाल आणि पिवळा आणूच नये असे माझे मत आहे. जे वापराल ते पूर्ण नायट्राइलच्या, अस्तर नसलेल्या, मनगटावर चढणाऱ्या मोज्यांनीच मिसळा, आणि काम झाल्यावर मोजे हातांत असतानाच साबणाने धुऊन मग काढा. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक, करणाऱ्यांनी चुन्याला साधे समजू नये; कळीचा चुना पाण्यात पडताच तापतो आणि ओल्या हाताला भाजतो. तुमचे जाड रबरी मोजे फेकू नका, त्यांना अस्तर नसेल तर ते चुना आणि शेणखताच्या पातळ घोळासाठी उपयोगी पडतील, मात्र एका वेळी वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक घालू नका.

हत्यारांबद्दल थोडेसेच. फोड येतात ते मूठ हातात फिरते म्हणून. खुरप्याची मूठ बारीक असेल तर तिच्यावर ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून ती जाड करावी, सिकेटरला दर आठवड्याला धार आणि तेलाचा थेंब द्यावा. बोथट सिकेटरने अंगठ्याच्या मुळाशी जे दुखणे सुरू होते ते लवकर जात नाही.

अंगणात बाग असणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण हे उत्तर इतरही वाचतील. कुंडीखाली, विटांखाली, पालापाचोळ्यात हात घालण्यापूर्वी काठीने हलवावे, आणि बाहेर ठेवलेले मोजे झटकल्याशिवाय हातांत चढवू नयेत. कोकणातला लाल विंचू जीवघेणा असू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवल्यापासून माणसे वाचतात, पण ती वेळेत रुग्णालयात पोहोचली तरच.

तेव्हा तुमच्यापुरते सांगायचे तर लिंबू आणि भांड्यांचा साबण आजच बंद करा, 7 किंवा 8 नंबरचे नायट्राइल थराचे दोन जोड घ्या, म्हणजे एक धुऊन वाळत असताना दुसरा वापरता येईल, आणि गुलाब तुमच्याकडे दोन-तीनच असतील तर चामडी मोज्यांऐवजी आधी एक लांब चिमटा घ्या. बोट बरे होईपर्यंत त्या हाताने मातीत काम करू नका. डॉक्टरांकडे मात्र याच आठवड्यात जा, आणि जाताना त्याच गुलाबाची बोटभर फांदी काट्यांसकट कागदात गुंडाळून बरोबर न्या, म्हणजे सोनोग्राफी करणाऱ्याला आत किती लांबीचे आणि किती जाडीचे टोक शोधायचे आहे ते समजेल.